जंगल बघायला बोरिवली

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा. त्यातलं समुद्राच्या वाऱ्यावरचं एकच, बोरिवलीचं संजय गांधी उद्यान. ताडोबा किंवा पेंच म्हटलं की जिप्सी आली, आगाऊ बुकिंग आलं, मुक्काम आला. चार माणसांच्या घरात खर्चाचा आकडा ऐकूनच बेत बारगळतो. बोरिवलीला एसटी, रेल्वे आणि आपले पाय एवढ्या भांडवलावर आत शिरता येतं. म्हणून मी ते सहांत वरचं धरतो, तिथला वाघ कुंपणातला असला तरी.

आम्ही नाशिक जिल्ह्यातल्या पेठचे. लावण्या उरकल्यावर जायचं ठरलं, तेव्हा मावशी म्हणाली, "रानातनं उठून रान बघाया मुंबईला?" तरी पिशवी तिनेच आधी भरली.

जायच्या वाटा दोन. नाशिकवरून जायचं तर कोटंबी आणि सावळ हे दोन घाट ओलांडून नाशिक, तिथून शहर बसने नाशिकरोड, मग रेल्वे. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास सुटते. ती गाठायची तर आदल्या रात्री नाशिकात पाहुण्यांकडे पथारी. पुढे दादरला पूल चढून मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर यायचं आणि बोरिवलीची लोकल धरायची. दादरचा पूल पिशव्या घेऊन चढणं हा प्रवासातला तिसरा घाट.

दुसरी वाट उलट्या दिशेची. आमच्या डोंगरांतलं पाणी नाशिकला जातच नाही. ते दमणगंगेने वापीवरून दमणच्या समुद्राला मिळतं. माणसानेही तसंच करावं. गुजरातेत उतरून कपराड्यावरून वापी गाठायची आणि तिथून बोरिवलीला थांबणारी गाडी धरायची. दादर नाही, पूल नाही. आम्ही तसेच गेलो. मात्र एसटीतली बायकांची अर्ध्या तिकिटाची सवलत, 2023 च्या मार्चपासूनची, राज्याच्या हद्दीपर्यंतच. हद्द इथून हाकेवर, त्यामुळे सवलतीचा प्रवास बसायला जागा मिळेपर्यंत संपतो. वाहकाने हद्दीपर्यंतचं अर्धं आणि पुढचं पूर्ण असा हिशेब सांगितला. मावशीने तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "हद्दीपल्याड मी काय बाप्या झाले का रे?" गाडीतल्या बाया पोट धरून हसल्या.

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की उद्यानाचं दार चालत पंधरा-वीस मिनिटांवर. मेट्रोचं तर 'राष्ट्रीय उद्यान' नावाचं स्थानकच आहे. खरी परीक्षा दाराच्या आत. कान्हेरीची लेणी तिथून सहा-सात किलोमीटर आत. बस आहे, भाड्याने सायकल मिळते; रविवारी मात्र बसची रांग बघूनच पाय दुखू लागतात. वनराणी ही पोरांची लाडकी छोटी गाडी 2021 च्या तौक्ते वादळात रूळ खराब झाल्यावर बरीच वर्षं बंद राहिली. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या रानात म्हाताऱ्या माणसाला टेकू देणारं वाहन कमीच. पैसा खर्चायचा तर तो आतल्या बसफेऱ्यांवर खर्चावा, प्रवेशद्वारं सजवण्यावर नको.

कान्हेरीत शंभरावर लेणी. त्यांतल्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावं आहेत. मावशीचं लक्ष मात्र टाक्यांवर. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी कातळात कोरलेलं टाकं आणि त्यात पाणी नेणारे बारीक पाट. पाऊस धो-धो आणि चैत्र-वैशाखात हंडे घेऊन पायपीट, हे पेठच्या बाईला कुणी समजावून सांगायला नको. तिने एका पाटात बोट घालून उतार पाहिला आणि "शाणी माणसं होती," एवढंच म्हणाली.

पायथ्याशी पाड्यावरची एक वारली बाई काकडी चिरून तिखट-मीठ लावून विकत होती. मावशी तिच्याशेजारी बसलीच.

"घरची का गं?"

"घरचीच मावशी, वेल हायेत. पण रानडुकरं ठेवतात कुठं?"

"आमच्याकडं पण तेच."

तिथेच दोघींचं अर्धा तास जमलं आणि आमची परतीची बस गेली.

येताना आम्ही नाशिकची वाट धरली. संध्याकाळी वापीला उतरल्यावर घाट चढणारी गाडी मिळेलच, असा भरवसा मला वाटत नाही. नाशिकात निदान पाहुणे आहेत. कुणी जाणार असेल तर सोमवार टाळा, उद्यान बंद असतं. रविवारही टाळा. मंगळवार बरा.