वाढण्याचा अपराध

कलावंतावर होणाऱ्या आरोपांत सर्वांत विचित्र आरोप कोणता असेल, तर "हा पूर्वीसारखा राहिला नाहीं" हा होय. मूल मोठें झालें म्हणून आईबाप शोक करीत नाहींत. रसिकांचा न्याय मात्र निराळा आहे. ज्या गाण्यानें एकदां आपणांस भारून टाकलें, तेंच गाणें कलावंतानें जन्मभर गात राहावें अशी त्यांची अपेक्षा असते. आणि ती मोडली, कीं 'विश्वासघात' हा शब्द उच्चारण्यास ते क्षणाचाहि विलंब लावीत नाहींत. अमेरिकेंतील टायटल फाइट या तरुण वाद्यवृंदाची 'हायपरव्ह्यू' ही ध्वनिमुद्रिका २०१५ सालीं निघाली, तेव्हां त्याच्या कित्येक जुन्या चाहत्यांनीं हाच आरोप केला. हा आरोप निराधार तर आहेच. शिवाय ज्या परंपरेच्या नांवानें तो केला जातो, त्या परंपरेचाच तो उपमर्द करतो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यांत सस्केहॅना नदीच्या कांठीं किंग्स्टन हें लहानसें गांव आहे. एके काळीं दगडी कोळशाच्या खाणींवर पोसलेला आणि खाणींबरोबरच ओहोटीला लागलेला हा टापू. तेथील शाळकरी मुलांनीं २००३ च्या सुमारास हा वाद्यवृंद उभारला. त्यांनीं धरलेला मार्ग 'मेलॉडिक हार्डकोअर'चा. हार्डकोअर संगीत १९८० च्या आगेमागे वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस अशा शहरांतील पोरसवदा मंडळींनीं निर्माण केलें. गाणें मिनिट-दीड मिनिटाचें, गति बेफाम, गायन म्हणजे जवळजवळ आरोळीच. आणि व्यासपीठ व श्रोते यांच्यांत कसलाहि आडपडदा नाहीं. पुढें डिसेन्डन्ट्स यांनीं १९८२ मध्यें आणि डॅग नॅस्टी यांनीं १९८६ मध्यें त्या आरोळींत सुरावट मिसळली. हा सर्व निव्वळ गोंगाट आहे असें म्हणून जे कान झांकून घेतात, त्यांच्याशीं आज आमचा वाद नाहीं. ते निदान आपली नावड लपवीत नाहींत. आमचा वाद आहे तो या संगीताच्या कैवाऱ्यांशीं.

त्यांचें पहिलें म्हणणें असें, कीं 'हायपरव्ह्यू'मध्यें हा वाद्यवृंद एकाएकीं पालटला. वस्तुस्थिति काय आहे? २०११ मधील 'शेड' ही त्यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका: बारा गाणीं, आणि तीं सर्व मिळून अर्ध्या तासांत संपणारीं. पुढच्याच वर्षीं आलेल्या 'फ्लोरल ग्रीन'मध्यें 'हेड इन द सीलिंग फॅन' हें मंद लयीचें, धुक्यांतून ऐकूं यावें तसें गाणें आहे. तेंच धुकें २०१५ मध्यें सर्वत्र पसरलें. गिटारांचे नाद एकमेकांत विरघळूं लागले, आणि आरोळीची जागा दुरून येणाऱ्या हळव्या स्वरानें घेतली. १९९० च्या सुमारास इंग्लंड-आयर्लंडकडील वादक पायांखालच्या यंत्रांकडे डोळे लावून असें संगीत वाजवीत. त्यावरून त्यास 'शूगेझ', म्हणजे बुटांकडे टक लावणें, असें थट्टेचें नांव पडलें. त्याचा संस्कार येथें उघड आहे. परंतु ज्याला २०१२ सालीं कान होते, त्याला २०१५ सालीं नवल वाटण्याचें कारण नव्हतें.

दुसरा आक्षेप पैशाचा. या ध्वनिमुद्रिकेच्या वेळीं वाद्यवृंदानें 'साइडवनडमी' ही प्रकाशनसंस्था सोडून 'अँटी' ही संस्था धरली. तेव्हां नव्या मालकांनीं सूर मवाळ करविला, असा तर्क लढविला जातो. तो एका साध्या गोष्टीनें ढांसळतो. 'हायपरव्ह्यू'चे निर्माते विल यिप. 'फ्लोरल ग्रीन'चेहि तेच, आणि स्टुडिओहि फिलाडेल्फियाजवळील तोच. बाजारासाठीं कला विकणारे जगांत पुष्कळ आहेत, हें आम्हांस मान्य आहे. पण बाजाराची ओढ ज्यास असते, तो लोकांच्या पसंतीस उतरलेला माल पुन्हां पुन्हां काढतो. हमखास टाळ्या देणारी आरोळी टाकून तो धुक्यांत शिरत नाहीं.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. हार्डकोअरच्या मेळाव्यांत श्रोता व्यासपीठावर चढतो, गायकाच्या हातचा ध्वनिक्षेपक ओढून स्वतः गातो. तेथें गाणें सर्वांचें असतें. स्वप्नाळू, दूरस्थ संगीतानें ती भिंत पुन्हां उभी केली, असें आक्षेपक म्हणतात. कांहीं तरी गमावलें आहे हें आम्हीहि नाकारीत नाहीं. कित्येक ठिकाणीं शब्द नादांत इतके बुडाले आहेत, कीं अर्थ कानीं पडतच नाहीं. हें या ध्वनिमुद्रिकेचें उणें आहे. परंतु भिंत कशानें उभी राहते? लय मंदावल्यानें, कीं खोटेपणानें? अठराव्या वर्षींचा संताप पंचविशींत मनांत उरला नसतां, केवळ समोरच्यांनीं पैसे मोजले आहेत म्हणून जो तो संताप वठवितो, तो नट होय. तो श्रोत्यांच्या कितीहि जवळ उभा राहिला, तरी त्याच्या व त्यांच्या मध्यें भिंत आहेच. वाटेल तें, वाटेल तसें, पण खरें सांगा, हा हार्डकोअरचा मूळ धर्म. त्या धर्माप्रमाणें पाहतां अपराधी कोण ठरतो?

आणि आक्षेपक ज्यांना पूज्य मानतात, त्यांचें चरित्र तरी काय सांगतें? मायनर थ्रेट हा वाद्यवृंद १९८३ मध्यें मोडला, आणि त्याचे गायक इयन मॅकाय यांनीं पुढें फुगाझीमध्यें अगदीं निराळी, संथ-गंभीर वाट धरली. गोरिला बिस्किट्सच्या १९८९ मधील 'स्टार्ट टुडे'ला शिरोधार्य मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें, कीं त्यांतील वॉल्टर श्रायफेल्स यांनीं लौकरच क्विकसँड हा जड, मंद नादाचा वाद्यवृंद काढला; आणि ज्या 'शेड'चा निर्मळपणाचा नमुना म्हणून आज गौरव होतो, तिचे निर्माते हेच श्रायफेल्स! पूर्वसूरींना जें भूषण, तें किंग्स्टनच्या मुलांना दूषण कां व्हावें?

खरें कारण निराळें आहे. अठराव्या वर्षीं ऐकलेलें गाणें हें श्रोत्याच्या तारुण्याचें ठेवणीतलें वस्त्र असतें, आणि कलावंतानें त्याचा राखणदार होऊन बसावें असें त्यास वाटतें. ही इच्छा मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण तिला निष्ठा हें नांव देणें हा शब्दांचा दुरुपयोग होय. ज्यास जुनें गाणें हवें, त्याची जुनी ध्वनिमुद्रिका कोणीं हिरावून घेतलेली नाहीं. ती त्यानें सुखेनैव ऐकावी. पण रूढीविरुद्ध बंड म्हणून जें संगीत जन्मास आलें, त्याचीच रूढि करून तिच्या दाराशीं पहारा करणाऱ्यांनीं बंडखोरीची भाषा तरी बोलूं नये.