किल्ली परत घ्या!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या झोपेचा आहे : लिंक्ड लिस्ट.

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या रात्री माझा प्रोग्राम मध्येच बंद पडायचा. स्क्रीनवर फक्त 'सेगमेंटेशन फॉल्ट'. मी आणि रूममेट पहाटे चारपर्यंत प्रिंटफ टाकत बसलो. चूक निघाली भलत्याच फंक्शनमध्ये. लिस्टमधून काढलेल्या नोडचे नेक्स्ट आणि प्रीव्ह पॉइंटर तसेच जुन्या शेजाऱ्यांकडे होते. मधल्या काळात एक शेजारी फ्री झाला. मग तोच नोड चुकून परत डिलीट केला, आणि फ्री झालेल्या मेमरीत लिहिलं गेलं. क्रॅश झाला तो कितीतरी नंतर. हॉस्टेलची रूम सोडली पण किल्ली खिशातच, तसला प्रकार!

नंतर कळलं, हे दुखणं मोठ्यांनाही आहे. पोस्टग्रेस डेटाबेसचा सोर्स कोड कुणालाही फुकट वाचता येतो. त्यातली 'आयलिस्ट डॉट एच' फाइल जरूर बघा. तिथलं साधं डिलीट नोडचे पॉइंटर तसेच सोडतं. पण 2023 च्या 16 व्या आवृत्तीत 'थरोली' डिलीट करणारं फंक्शन आलं. ते दोन्ही पॉइंटर नल करतं. म्हणजे दुसऱ्यांदा डिलीट केलं, तर प्रोग्राम तिथल्या तिथेच पडतो. शिवाय 'आयलिस्ट डीबग' हा मॅक्रो चालू करून कंपाइल केलं, की लिस्ट पुढून आणि मागून तपासली जाते : माझ्या पुढच्याचा मागचा मीच ना? नसेन, तर लगेच एरर. मॅक्रो बंद असला की या तपासणीचा काही भार नाही.

आपल्याकडे काय? इन्सर्ट, डिलीट, डिस्प्ले चाललं की जर्नलवर सही! सरांना आणि मॅडमना विनंती, चौथं फंक्शन सक्तीचं करा : 'चेक'. आणि त्याला मार्क ठेवा. जर्नल वाढेल म्हणाल, तर तो लूप जेमतेम दहा ओळींचा आहे. आमची अख्खी रात्र त्या दहा ओळींअभावी गेली.

प्रोग्राम पडला याचं मला दुःख नाही. तो चुकीच्या जागी पडला, याचं आहे. ज्युनियर्सनो, नोड काढलात की आधी किल्ली परत घ्या.