सामाईक कामाची चावी कोणाच्या हाती?

सांगलीच्या वालचंद आणि कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेली आपली काही मुले पुण्या-मुंबईची वाट न धरता सांगली, मिरज, साताऱ्यातच दोघे-तिघे मिळून संगणकाचा धंदा करतात. आडत दुकानांची बिले, बेदाण्याच्या शीतगृहाच्या पावत्या, ट्रान्सपोर्टचा हिशेब अशा कामांचे प्रोग्राम ती लिहून देतात. एक भागीदार साताऱ्यात, दुसरा सांगलीत आणि दोघांचा मिळून एक सर्व्हर. आम्हाला याचा आनंदच आहे. पण भागीदारीचा करार स्टॅम्पपेपरवर करणारी हीच मुले सर्व्हरचा एकच पासवर्ड सर्वांत वाटून घेतात, हे आम्हाला मान्य नाही.

असे काम बहुधा ‘गिट’मध्ये ठेवले जाते. लिनस टोरवाल्डस यांनी २००५ मध्ये ते लिनक्सच्या कामासाठी तयार केले. व्यापाऱ्याच्या भाषेत ही प्रोग्रामची रोजकीर्द होय. कोणता बदल कधी झाला, कोणी केला, आधी काय होते, सारे नोंदले जाते. शिवाय पूर्ण नक्कल प्रत्येक भागीदाराच्या संगणकावर राहते. २००५ आणि २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी बाजारपेठेत शिरलेले पाहिलेल्या सांगलीकरांना साताऱ्यातल्या दुसऱ्या नकलेची किंमत सांगायला नको.

खोच पुढे आहे. गिटमधील नोंदीवरचे नाव ज्याचे त्याने स्वतः लिहिलेले असते. समजा, हळदीच्या पट्टीत तोलाईचा आकडा चुकीचा पडू लागला आणि प्रत्येक शेतकऱ्याला चार पैसे कमी मिळाले. मार्केट यार्डात ओरड झाली. नोंदीत एक नाव सापडले, पण सर्व्हरवर सगळेच एका पासवर्डने शिरत असतील तर त्या नावाला पुरावा कसला? मग संशय बळावतो आणि खापर फुटते ते बहुधा पगारी पोरावर.

एकच पासवर्ड का होतो, तेही समजण्यासारखे आहे. पहिल्याने केलेली फाईल त्याच्याच मालकीची राहते. दुसरा काम पाठवायला गेला की सर्व्हर परवानगी नाकारतो. गिऱ्हाईक फोनवर खोळंबलेले. मग कोणीतरी वैतागून ७७७ हा आकडा टाकून साऱ्या फाईली साऱ्या जगाला खुल्या करतो, नाहीतर सगळेच मुख्य खात्याने आत शिरतात. पेढीचे दार काढून ठेवण्यातलाच हा प्रकार!

वास्तविक उपाय अर्ध्या तासाचा आहे. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र चावी असावी. सर्व्हरवर कामाचा एक गट करून भागीदारांना त्यात घालावे, फोल्डर त्या गटाच्या नावे करावा आणि गिटचे भांडार उघडतानाच ते ‘शेअर्ड’, म्हणजे गटासाठी सामाईक, असल्याचे सांगावे. मग नव्या फाईली आपोआप गटाच्या होतात आणि जुनी नोंद जबरदस्तीने पुसण्यालाही त्यात मूळचाच अटकाव असतो. भांडार जुने असेल तर मात्र आधीच्या फाईलींची परवानगी एकदा हाताने दुरुस्त करावी लागते. अनेकजण इथेच चुकतात आणि पुन्हा ७७७ कडे वळतात.

नोकर काम सोडून गेला तर त्याला गटातून काढायला एक मिनिट लागते. तरी त्याच्याकडे गेलेली नक्कल परत येत नाही, म्हणून वाचण्याची परवानगीही हात राखूनच द्यावी. गिऱ्हाइकाचे पासवर्ड तर भांडारात टाकूच नयेत. नंतर खोडले तरी ते जुन्या नोंदीत राहतात.

कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे सॉफ्टवेअर वापरणे कायद्याने बंधनकारक झाले. भागीदारी पेढ्यांना हा नियम नाही, म्हणून आपले लोक निर्धास्त आहेत. पण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा, प्रामाणिक लेखकाकडून लिहवून घेण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे, तो कंपनी आणि पेढी असा भेद करीत नाही. दुसऱ्याच्या हिशेबाचा प्रोग्राम ही अमानत आहे.

आडतदार बांधवांनी पुढचे बिल चुकते करण्यापूर्वी प्रोग्राम लिहिणाऱ्याला एवढेच विचारावे: सर्व्हरवर खाती किती आणि माणसे किती?