जिवाला हाक

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे वात करून आपण यमासाठी दिवा लावतो. घरातल्या कुणाला अपमृत्यू येऊ नये, एवढंच मागणं. तोच दिवा डोळ्यांपुढे ठेवून यंदा दूरच्या दोन घरांविषयी लिहावंसं वाटलं.

लाओसच्या डोंगरांतल्या ह्मोंग समाजाच्या घरात मूल झुरू लागलं, तर मोठी माणसं म्हणतात, घाबरून याचा जीव कुठेतरी मागे राहिला. मग तांदूळ, अंडं, उदबत्ती घेऊन दाराशी उभं राहायचं आणि त्या जिवाला हाक मारायची, घरी ये. नातलग मनगटावर दोरे बांधतात. तरी गुण आला नाही तर त्सी नेंग, म्हणजे ह्मोंगांचा शामान, येतो. तोंडावर काळं कापड घेऊन तो बाकावर बसतो. बाक हाच त्याचा घोडा. त्यावरून तो जीव शोधायला परलोकी जातो.

व्हिएतनामच्या लेन डोंग या विधीत वाट उलटी आहे. लाल वस्त्राखाली बसलेल्या माध्यमाच्या अंगात मातृदेवींच्या दरबारातली दैवतं येतात, प्रत्येकाचा पोशाख वेगळा, गाणं वेगळं. ज्याला अंधश्रद्धा म्हणून सरकारने दडपलं होतं, त्याच मातृदेवी-उपासनेला 2016 साली युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळालं.

दोन्हीकडे शामान किंवा माध्यम होण्याचं व्रत सहसा कुणी हौसेने घेत नाही. लांबलेलं, औषधाला दाद न देणारं दुखणं हीच बोलावण्याची खूण. आणि बोलावणं एकाला आलं तरी ते निभवायचं असतं अख्ख्या घराने: घरात वेदी मांडायची, खर्च सोसायचा, जोडीदाराने दैवताशी जडलेलं हे नवं नातं समजून घ्यायचं. आपल्याकडे जिच्या अंगात येतं, तिच्या घरच्यांना हे वेगळं सांगायला नको.

औषधाची जागा या विधींनी घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. पण औषध देणाऱ्याने घरच्यांचं ऐकून घ्यावं, हेही तितकंच स्पष्ट. कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावी 1982 साली जन्मलेल्या लिया ली या ह्मोंग मुलीला अपस्मार होता. आईवडिलांना डॉक्टर आणि शामान दोन्ही हवे होते. डॉक्टरांना त्यांची भाषा कळत नव्हती, आईवडिलांना औषधांचे बदलते डोस कळत नव्हते. ॲन फॅडिमन यांनी 1997 च्या पुस्तकात ही हकिकत लिहिली आहे. 1986 मध्ये मोठा झटका येऊन लियाचा मेंदू निकामी झाला. ती फार दिवस काढणार नाही, असं डॉक्टरांना वाटलं. आईवडिलांनी तिला घरी आणलं, न्हाऊमाखू घातलं, भरवलं, तिच्या जिवाला हाका मारल्या.

लिया 2012 पर्यंत जगली.