प्रचाराचे दोन न्याय

कलाकृती चळवळीची झाली की ती कला राहत नाही, हा मराठी समीक्षेतील एक जुना आणि सोयीचा सिद्धान्त आहे. जलसे, शाहिरी, पथनाट्ये, दलित कविता यांच्याविषयी लिहिताना ‘प्रचारकी’ हे एक विशेषण योजले की मूल्यमापनाची जबाबदारी संपली, असे मानले जाते. हा सिद्धान्त सर्वांना सारखा लावला जातो काय, एवढेच तपासले तरी त्यातील पक्षपात उघड होतो.

कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचकात कर्झन दिसावा हीच त्यामागील योजना होती. ती प्रेक्षकांना उमगली, सरकारलाही उमगली आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. वाङ्मयेतिहासात या नाटकाला मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. त्याचा राजकीय हेतू तेथे दोष ठरत नाही, रूपकाचे सामर्थ्य ठरतो.

जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ला मात्र हा न्याय मिळाला नाही. १८५५ मध्ये लिहिलेले हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले; ते छापून यायला १९७९ साल उजाडले. तोवर १८४३च्या ‘सीतास्वयंवरा’पासून निघणारी मराठी नाटकाची वंशावळ पक्की झाली होती. संहिता उपलब्ध झाल्यावरही तिची चर्चा बहुधा विचारांपुरती राहिली. ग्रहदशेची भीती घालून गर्भवती कुणबी स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडणारा जोशी सर्वांना दिसला. परंतु संस्कृत नाटकात राजाचा सोबती असलेला विदूषक येथे नागवल्या जाणाऱ्यांच्या बाजूने भाष्य करतो, ही रूपाची क्रांती कितीजणांनी वाचली? चळवळीची गरज येथे रूपाला मारत नाही, नवे रूप घडविते.

सत्यशोधक जलशांनी हेच केले. गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा साचा त्यांनी घेतला आणि त्यातील देवस्तुती व शृंगार यांच्या जागी भटशाहीची, सावकारीची चिकित्सा आणली. पुढे आंबेडकरी जलशांनी ती परंपरा अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याशी जोडली. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांचा श्रोता बव्हंशी निरक्षर होता. त्याच्यासाठी वगातील सवालजवाब हेच वृत्तपत्र होते आणि व्यासपीठही. अशा कलेला आस्वादकाच्या तटस्थतेची मोजपट्टी लावणे म्हणजे नांगराला वीणेच्या तारा नाहीत अशी तक्रार करणे होय.

याचा अर्थ चळवळीच्या कलेला समीक्षेतून सूट द्यावी, असा नाही. सूट हाही अवमानाचाच सभ्य प्रकार असतो. जलशांत स्त्रीपात्रे प्रायः पुरुषच करीत. मग दलित स्त्रीचा स्वतःचा आवाज त्यांत कितपत उमटला, हा प्रश्न कठोरपणे विचारलाच पाहिजे. पण तो विचारण्यासाठी आधी जलशाला कलारूप म्हणून मान्यता द्यावी लागते.

आज ‘समावेशा’ची भाषा सर्वत्र ऐकू येते. अभ्यासक्रमात एक आत्मकथन, संपादित संग्रहात चार कविता, परिसंवादात एक वक्ता एवढ्यावर प्रतिनिधित्वाचा प्रश्न सुटला असे समजले जाते. नावे वाढतात, निकष जागच्या जागी राहतात. १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना फुल्यांनी नेमक्या याच प्रकाराला हरकत घेतली होती: ज्या सभेला शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क मनापासून मान्य नाहीत, तिच्यात जाऊन बसण्याने काय साधणार? तो नकार साहित्याला नव्हता, दुसऱ्याच्या अटींवर मिळणाऱ्या जागेला होता.

प्रतिनिधित्व म्हणजे यादीतील स्थान नव्हे. कला कशाला म्हणावे हे ठरविण्याचा अधिकार होय. तो वाटून घेण्याची तयारी नसलेल्या समीक्षेने इतरांच्या कलेला प्रचार म्हणू नये. कारण अशी समीक्षा स्वतःच एका प्रस्थापित वर्गाचा प्रचार असते, आणि तोही रूपाचे कोणतेच नवे धाडस न करणारा.