संयमाचा बाह्य बंदोबस्त

आवेग आणि कृती यांच्यामध्ये विचाराला जो क्षणभर अवकाश मिळावा लागतो, तो ज्यांच्या वाट्याला अल्पच आलेला असतो, अशा माणसांचा स्वभाव बेफिकीर किंवा बेशिस्त ठरवून मोकळे होण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाने मात्र या संयमशैथिल्याला व्यक्तिमत्त्वविकारांच्या निदानात स्वतंत्र स्थान दिले आहे. असे असूनही, असा रुग्ण दोन तारखा चुकला की ‘सहकार्य करीत नाही’ असा शेरा मारून त्याचे नाव कमी केले जाते. म्हणजे ज्या विकारासाठी तो आला, तोच त्याचा कसूर ठरतो!

१८४८ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना स्फोट होऊन साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार ज्याच्या गालातून शिरून मस्तकातून बाहेर पडली, तो फिनिअस गेज हा मुकादम जगला. परंतु मेंदूचा पुढला भाग जायबंदी झाल्यामुळे हा कर्तबगार, नेमस्त इसम शिवराळ व चंचल बनला आणि ठेकेदारांनी त्यास पूर्वीच्या जागी घेण्याचे नाकारले. कथा बहुधा येथेच थांबविली जाते. वस्तुतः पुढे चिली देशात त्याने कित्येक वर्षे घोड्यांची प्रवासी गाडी हाकली; जनावरांची निगा, ठरलेली वेळ, ठरलेली वाट आणि उतारूंची सोय या नित्यक्रमानेच त्याच्या ठायी पुष्कळसा समतोल परत आला असावा, असे अनुमान मॅल्कम मॅकमिलन या संशोधकाने मांडले आहे.

अंतरीचा आवर ढिला पडला असता बाहेरील व्यवस्था त्यास टेकू देऊ शकते, याचे भान मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या उपचारपद्धतीतही दिसते. आत्मघाताकडे वारंवार वळणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी साप्ताहिक भेट, कौशल्यांचा वर्ग आणि आवेग अनावर होताच, कृती घडण्यापूर्वी, उपचारकास दूरध्वनी करण्याची मुभा, अशी तजवीज केली. तीत सलग चार आठवडे गैरहजर राहणाऱ्यास वगळण्याचा नियमही आहे, सबब तिला लाड म्हणता येणार नाही; तरीही १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांनी उपचार सोडण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी आढळले.

म्हणून तारीख चुकलेल्या रुग्णास त्याच दिवशी दूरध्वनी करणे, पुढील भेटीची मुदत लांबविण्याऐवजी अलीकडे आणणे आणि औषधे थोड्या थोड्या दिवसांची देऊन घरच्या एका माणसास विश्वासात घेणे, ही कामे उपकार नसून उपचारच होत. ज्याच्यापाशी संयम नाही, त्याने तो आधी दाखवावा आणि मगच उपचार मागावेत, ही अट कोणत्याही रुग्णालयाने घालू नये.