अमीर कोण, हे मेवांना कुणी विचारले?

तबलिगी जमात म्हटले की लोकांना मार्च २०२० आठवतो. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजवर कोरोनाचे खापर फोडून वाहिन्यांनी जो धिंगाणा घातला, तो बहुजन समाज विसरलेला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता बोलून दाखविली. असो. ज्या मरकजला एकसंध कटाचा अड्डा म्हणून रंगविले गेले, ते मरकज आतून चार वर्षांपूर्वीच दुभंगले होते. आम्हाला बोलायचे आहे ते त्याबद्दल.

मौलाना इलियास कांधलवी यांनी १९२६-२७ च्या सुमारास मेवातच्या मेव शेतकऱ्यांत हे काम सुरू केले. आर्यसमाजी शुद्धीचा तो काळ. स्वखर्चाने, बिछाना पाठीवर टाकून गावोगाव फिरणारे कष्टकरी मेव हीच या जमातीची पहिली फौज. पण १९४४ मध्ये इलियास गेले आणि अमीर झाले त्यांचे पुत्र मौलाना युसूफ. १९६५ मध्ये युसूफ गेले, तेव्हा आले नात्यातलेच मौलाना इनामुल हसन. अशरफ-अजलाफ भेद मुसलमान समाजातही आहे, हे बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. राबणारा मेव आणि गादीवर कांधल्याचे घराणे, याला दुसरे काय म्हणायचे?

इनामुल हसन यांना पुढचा धोका दिसला असावा. १९९३ मध्ये त्यांनी दहा जणांची शूरा म्हणजे सल्लागार मंडळ नेमले. त्यात मियांजी मेहराब हे मेवातीही होते, हे सांगितले पाहिजे. १९९५ मध्ये इनामुल हसन यांचे निधन झाल्यावर शूराने एकच अमीर न नेमता निजामुद्दीनचा कारभार तिघांकडे दिला: मौलाना इजहारुल हसन, इनामुल हसन यांचे पुत्र मौलाना जुबैर आणि इलियास यांचे पणतू मौलाना साद. तोडगा चांगला होता. पण मेलेल्यांच्या जागा भरायच्या कशा, याचा लेखी नियम कुठे होता? इजहारुल हसन १९९६ मध्ये गेले, जुबैर २०१४ मध्ये. उरले एकटे साद. नोव्हेंबर २०१५ मध्ये पाकिस्तानातल्या रायविंडला तेरा जणांची नवी शूरा जाहीर झाली, ती सादांनी मानली नाही. २०१६ च्या रमजानमध्ये मरकजमध्येच हाणामारी झाली. मौलाना इब्राहिम देवला, मौलाना अहमद लाट यांच्यासारखे जुने जाणते बाहेर पडले. वर्षअखेरीस देवबंदनेही सादांच्या काही विधानांवर फतवा काढला.

एक बाजू म्हणते अमिराची आज्ञा पाळा, दुसरी म्हणते सल्लामसलतीने चाला. आम्हाला शूरावाल्यांचे म्हणणे अधिक पटते. पण त्यांच्याही शूरात सामान्य कार्यकर्त्याचे मत कुणी घेतले? जमातीला ना सभासदांची यादी, ना लेखी घटना. मेवातमध्ये मौलाना सादांना मानणारे पुष्कळ आहेत, कारण ते इलियास यांचे वंशज! ज्याला हक्कच दिला नाही, तो श्रद्धेवरच चालणार.

आमच्या वाचकांनी यावर हसू नये. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत दुरुस्त-नादुरुस्त सुरू झाले. पुढची शकले आपण मोजायची सोडून दिली आहेत. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावले होते. तथागतांनी तर वारसच नेमला नाही. धम्म हाच तुमचा शास्ता, असे सांगून ते गेले. आपल्या किती गटांत आज अध्यक्षाची निवड मतपेटीतून होते?

भांडणाची किंमत मोजली ती बांगलादेशने. जानेवारी २०१८ मध्ये मौलाना साद ढाक्याला उतरले तेव्हा विरोधकांनी विमानतळाचा रस्ता अडविला; इज्तेमात सहभागी न होताच त्यांना परतावे लागले. त्याच डिसेंबरमध्ये टोंगीच्या मैदानावर दोन्ही गट भिडले, एक जण ठार झाला. त्यानंतर दोन्ही गटांना वेगवेगळ्या तारखा देऊनही १८ डिसेंबर २०२४ ला त्याच मैदानाच्या ताब्यावरून पुन्हा किमान तीन जण मारले गेले. मेलेल्यांत कांधल्याच्या घराण्यातला एकही नव्हता.